कथेचा पहिला खर्डा झाला, आता दुरुस्ती कुठून सुरू करायची?

ओळखीतले बरेच जण मला कथा वाचायला पाठवतात, बहुतेक वेळा दिवाळी अंकाला द्यायच्या आधी, आणि एकच चूक परत परत दिसते. कथा लिहून झाली की त्याच रात्री पहिल्या ओळीपासून दुरुस्ती सुरू. ऱ्हस्व-दीर्घ बघ, विशेषण बदल, उपमा टाक. आठ दिवस घासून पहिला परिच्छेद चकचकीत होतो आणि मग लक्षात येतं की तो परिच्छेद कथेत नकोच आहे, पण तोवर त्याच्यावर एवढी मेहनत झालेली असते की काढायला हात धजत नाही, आणि कथा तिथेच अडकून बसते.

दुरुस्तीला क्रम लागतो. आधी अख्खी कथा, मग प्रसंग, मग संवाद, मग वाक्य, आणि शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम दिलाय. सगळं एका जागी दिसावं म्हणून एकच कथा उदाहरणाला घेतो, मनानेच रचलेली:

शैला पंचावन्नच्या आसपासची, लग्नापासून ठाण्यात. वडील एसटीत कंडक्टर होते, आता नाहीत. गावी दीड एकर जमीन आणि जुनं घर. धाकटा भाऊ अनिल फोन करतो की ताई, तालुक्याच्या निबंधक ऑफिसात येऊन हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला तुझा वाटा सोडल्याच्या कागदावर, सही करून जा. साधारण ३००० शब्दांचा खर्डा आहे असं धरा.

## तयारी

खर्डा किमान पंधरा दिवस बंद ठेवा. हे ऐकायला सोपं आहे पण करत कुणीच नाही. लिहिताना जे मनात होतं ते ताजं असेपर्यंत कागदावर नसलेलंही आपल्याला दिसत राहतं. शैलाचा चेहरा, ते ऑफिस, सगळं. वाचकाला त्यातलं फक्त लिहिलेलं मिळणार. दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर हे दिवस आधीच मोजून ठेवा, कारण दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली तरी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, म्हणजे पहिला खर्डा उन्हाळ्यात व्हायला पाहिजे.

फाईलची कॉपी करा, नाव द्या 'खर्डा २', आणि पहिल्या खर्ड्याला यापुढे हात लावायचा नाही. अजून एक रिकामी फाईल उघडा, तिचं नाव 'काढलेलं'. जे कापाल ते तिथे टाकायचं. पुसून टाकायचं नाही म्हटल्यावर कापायची भीती निम्मी होते.

शक्य असेल तर प्रिंट काढा, एका बाजूला, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. प्रिंट जमत नसेल तर निदान फॉन्ट बदला आणि लिहिलं लॅपटॉपवर असेल तर फोनवर वाचा. डोळ्याला नवं दिसलं की मेंदू घाईने पुढे सरकत नाही.

## १. एकदा नुसतं वाचा

एका बैठकीत, हातात फक्त पेन्सिल. दोनच खुणा करायच्या: जिथे कंटाळा आला तिथे समासात आडवी रेघ, जिथे गोंधळ झाला तिथे प्रश्नचिन्ह. एकही शब्द बदलायचा नाही.

वाचून झालं की कागद उलटा ठेवा आणि तीन ओळींत लिहा की कुणाला काय हवंय, आड काय येतंय आणि शेवटी काय बदललं. शैलाच्या कथेचं पहिल्यांदा असं उत्तर आलं तर: 'शैला सही करायला जाते, तिला लहानपण आठवतं, ती सही करून परत येते.' यात आड काहीच येत नाही. हा एका दिवसाचा वृत्तांत झाला. आता हे बघा: 'शैला सही करायला तयारच आहे, जमीन तिला नकोय. पण ताई, तुला काय पाहिजे, एवढं तरी अनिलने एकदा विचारावं असं तिला वाटतंय, आणि तो विचारत नाहीये.' आता ऑफिसातला प्रत्येक मिनिट ताणला जाणार, कारण आपण सगळे त्या एका वाक्याची वाट बघणार.

थांबा: या तीन ओळी जमत नसतील तर पुढे जाऊ नका. दोन दिवस घ्या, फिरून या, परत लिहा. इथला घोळ पुढच्या कुठल्याही पायरीवर सुधारत नाही.

## २. प्रसंगांची यादी करा

प्रत्येक प्रसंग एका चिठ्ठीवर. कुठे घडतो, कोण आहे, आणि प्रसंग संपताना सुरुवातीपेक्षा काय वेगळं झालं. शैलाच्या पहिल्या खर्ड्याची यादी समजा अशी निघाली:

पहाटेचा अलार्म आणि चहा. एसटीचा प्रवास आणि बाबांच्या आठवणी. अनिलकडे जेवण. निबंधक ऑफिस. परतीचा प्रवास.

पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर 'काय वेगळं झालं' च्या पुढे लिहायला काहीच नाही, आणि कथेचे पहिले ८०० शब्द तिथेच गेलेत. माझ्याकडे येणाऱ्या खर्ड्यांमध्ये हे इतकं सर्रास असतं की मी आता आधी दुसरं पान उघडून बघतो की खरी कथा तिथून सुरू होतेय का. उठणं, खिडकीतून बघणं, चहा, प्रवास ही लेखकाची लिहायला बसायची तयारी असते. खर्ड्यात ती असू दे. कथेतून काढा.

शैलाची कथा अनिलकडच्या जेवणापासून सुरू करून बघा. वहिनी आग्रहाने श्रीखंड वाढतेय, अनिल सारखं घड्याळ बघतोय, कागदांची पिशवी दाराजवळच्या खुर्चीत ठेवलीय. ठाण्याहून आली हे एका वाक्यात सांगता येतं.

मग बाबांच्या आठवणींचं काय? त्या लागणार आहेत, पण गठ्ठ्याने नकोत. एकच निवडा. जुन्या एसटीत सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून द्यायचा आणि उतरताना घ्या म्हणायचा. शैलाचे बाबा अशी न नेलेली बाकी घरी एका डब्यात वेगळी ठेवायचे, घरखर्चाला कधी वापरायचे नाहीत. ही आठवण प्रवासात आली तर नुसती गोड आहे. तीच सहीच्या आधी, अनिल आणि साक्षीदार कागद चाळत असताना आली तर कुणाची किती बाकी राहिलीय ते शैलाला सांगावंच लागत नाही. आठवण हलवली की तिचा अर्थ हलतो, म्हणून चिठ्ठ्या खरंच जमिनीवर मांडून त्यांची जागा बदलून बघा.

तपासा: एकेक चिठ्ठी उचलून बाजूला ठेवा. ती नसताना पुढचं समजतंय आणि काही कमीही वाटत नाहीये? मग ती 'काढलेलं' मध्ये.

## ३. काळ आणि व्यवहार तपासा

ही पायरी लोक गाळतात, आणि एखाद्या वाचकाचा कथेवरचा विश्वास इथेच उडतो.

आधी वर्ष ठरवा. कथेत लिहायचं नसलं तरी तुम्हाला माहीत पाहिजे. आपल्या उदाहरणात तर वर्षावर सगळं अवलंबून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीने आला, तोही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना सोडून, आणि देशभरात २००५ च्या दुरुस्तीने. म्हणजे कथा १९८० सालची असेल तर अनिलची घाई आणि भीती वेगळी, २०१५ ची असेल तर वेगळी. आणि जमीन बाबांनी स्वतः घेतलेली होती की आजोबांपासून आलेली, यानेही हिशोब बदलतो. यातलं कथेत कदाचित एकच वाक्य येईल, पण अनिल कसा वागतो ते यातून ठरतं.

मग जागा. आजचं निबंधक ऑफिस असेल तर तिथे संगणकाच्या कॅमेऱ्यावर फोटो काढतात, यंत्रावर अंगठा घेतात, ओळखपत्रं बघतात, साक्षीदार लागतात. शाईच्या पॅडवर अंगठा उमटवून नुसत्या कागदावर सही हा जुना प्रसंग आजच्या काळात टाकलात तर ज्याने गेल्याच महिन्यात दस्त नोंदवलाय तो वाचक तिथेच थांबणार. आणि बघा, खऱ्या तपशिलातून किती मिळतं. फोटो काढताना क्लार्क म्हणतो, ताई, कॅमेऱ्याकडे बघा. दिवसभरात कुणीतरी तिच्याकडे बघून बोललेलं हे पहिलं वाक्य असू शकतं. सही झाल्यावर लगेच सातबाऱ्यावरून नाव जात नाही, त्याला फेरफार, म्हणजे सरकारी नोंदीतला बदल, व्हावा लागतो, हेही शेवटाला उपयोगी पडेल.

एसटीचंही तसंच. एक बेल थांबायला, डबल बेल निघायला. ट्रेमधली रंगीत तिकिटं आणि पंच हे हातातलं मशीन यायच्या आधीचं. बाबा कधी निवृत्त झाले त्यावर त्यांच्या हातात काय होतं ते ठरतं.

सावध: गोळा केलेली सगळी माहिती कथेत ओतू नका. शैलाला जे दिसेल, खुपेल किंवा तिच्या कामाचं असेल तेवढंच.

## ४. कोण सांगतंय?

कथा शैलाच्या नजरेतून चाललीय ना, मग 'अनिलला मनातून अपराधी वाटत होतं' हे वाक्य आलं कुठून? त्याच्या मनात शिरायची परवानगी कथेने घेतलेली नाही. शैलाला जे दिसू शकतं ते लिहा: अनिल तिसऱ्यांदा विचारतो, ताई, पाणी आणू का. अशी वाक्यं शोधायला 'वाटलं', 'माहीत होतं', 'मनात', 'जाणवलं' हे शब्द फाईलमध्ये सर्च करा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, कुणाला?

काळाचाही घोळ इथेच निस्तरायचा. आठवण सांगताना 'बाबा आले होते, त्यांनी डबा काढला होता, पैसे मोजले होते, मला हाक मारली होती' अशी होता-होतीची माळ लागते आणि वाचणारा थकतो. पहिल्या एक-दोन वाक्यांत 'होते' ठेवा, वाचक मागे गेला की साध्या भूतकाळात या: 'बाबांनी डबा काढला. पैसे मोजले.' रोजची सवय असेल तर 'काढायचे, मोजायचे'. आणि सवयीतून एका विशिष्ट दिवसावर येताना रूप बदललंय ना ते बघा, नाहीतर रोज घडणारी गोष्ट आणि त्या दिवशी घडलेली गोष्ट एकमेकांत मिसळतात.

## ५. नाव घेऊन सांगितलेल्या भावना

पहिल्या खर्ड्यातला परिच्छेद:

'शैलाला खूप वाईट वाटलं. आपल्याला परकं केल्याची भावना तिच्या मनात दाटून आली. तिचे डोळे पाणावले. तिने थरथरत्या हातांनी सही केली.'

यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्याही कथेत उचलून ठेवता येईल, अडचण तीच आहे. आता हा:

'अनिलने पेन उघडून दिलं. कागदावर तिचं माहेरचं नाव टाइप केलेलं होतं, खाली उर्फ लिहून सासरचं. माहेरचं नाव तिने शेवटचं कधी लिहिलं होतं ते तिला आठवेना. तिने सही केली आणि नेहमीच्या सवयीने सासरच्या नावाचीच केली. चालेल का, तिने क्लार्कला विचारलं. चालेल की, अनिल म्हणाला.'

रडणं नाही, थरथरणं नाही. फक्त कागद, नाव, आणि उत्तर कुणी दिलं ते. तुमच्या खर्ड्यात वाईट वाटलं, आनंद झाला, धक्का बसला असं जिथे आहे तिथे गोल करा आणि विचारा की या खोलीत आत्ता अशी कुठली वस्तू आहे जिच्याशी या माणसाचं काही नातं आहे. उत्तर बहुतेक वेळा आधीच्याच पानावर पडलेलं असतं.

सगळीकडे हे करू नका मात्र. बिनमहत्त्वाच्या जागी 'तिला भूक लागली' एवढंच पुरतं. प्रत्येक भावनेला वस्तू शोधत बसलात तर कथा दमून जाते, म्हणून कथेत तीन-चार जागा निवडा आणि तिथेच जीव ओता.

## ६. संवाद

आधी एक तक्ता करा, कोण कुणाला काय म्हणतं. शैला अनिलला 'तू' म्हणते, तोही तिला 'ताई' म्हणून एकेरीतच बोलतो. वहिनी शैलाला 'ताई, तुम्ही' म्हणेल, जुन्या वळणाचं घर असेल तर 'वन्सं'. शैला वहिनीला नावाने हाक मारते. नवऱ्याचा विषय निघाला की 'हे' की 'आमचे हे' की सरळ नाव? पिढी आणि घर बघून ठरवा. पान दोनवर 'तुम्ही' आणि पान सातवर 'तू' ही चूक मी चांगल्या लिहिणाऱ्यांकडेही बघितलीय. आणि मुद्दाम केलेला बदल मात्र फार ताकदीचा असतो. एरवी एकेरीत बोलणारा अनिल ऑफिसात चारचौघांसमोर अचानक 'ताई, तुम्ही इथे बसा' म्हणाला तर?

दोघांनाही माहीत असलेली गोष्ट एकमेकांना सांगायला लावू नका. 'ताई, आपले बाबा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते ना' असं सख्खा भाऊ बहिणीला म्हणत नाही.

बोलीचं काय? अख्खी बोली कानात नसेल तर दोन-तीन लकबी घ्या आणि शेवटपर्यंत त्याच ठेवा. नुसतं 'हाय' आणि 'न्हाई' पेरलं की गावाकडचं झालं असं होत नाही. वऱ्हाडीत 'मले-तुले', मालवणीत 'माका-तुका', कोल्हापूर-सांगलीकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. शैला त्या भागातली असेल तर ठाण्यात ती 'येते' म्हणेल आणि भावाच्या घरी नकळत 'येतो' वर जाईल. माहेर दाखवायला आख्खं वर्णन नको, क्रियापदाचं एक रूप पुरतं.

म्हणाली, विचारलं, बस. उद्गारली, गरजली, पुटपुटली यांची गर्दी कमी करा.

तपासा: बोलणाऱ्याचं नाव झाकून नुसती वाक्यं वाचा. कोण बोलतंय ते कळतंय?

## ७. आता दुसऱ्याला वाचायला द्या

वाक्यं घासायच्या आधी, कारण वाचकाच्या बोलण्यावरून एखादा प्रसंगच जाऊ शकतो. दोनच माणसं निवडा, एक कथा वाचणारं आणि एक त्या जगातलं, इथे गावी जमिनीचे व्यवहार बघितलेलं. 'कशी वाटली' विचारू नका, 'छान' हेच उत्तर मिळणार. विचारा: कुठे थांबून परत वाचावं लागलं? अनिल कसा माणूस वाटला? शैलाला काय हवं होतं? ते बोलत असताना समजावून सांगायला जाऊ नका, नुसतं लिहून घ्या. त्यांनी सुचवलेले उपाय घ्यायलाच पाहिजेत असं नाही, पण दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे नक्की काहीतरी आहे.

## ८. वाक्यं, मोठ्याने वाचून

फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. जीभ अडखळली ते वाक्य मोडा. याशिवाय शोधायच्या गोष्टी:

'एक': 'एक विचित्र शांतता पसरली', 'एक दीर्घ श्वास घेतला'. मोजायचं नसेल तिथला 'एक' काढा, वाक्य लगेच मराठी होतं.

'केलं गेलं', 'सांगण्यात आलं': कथेत कुणीतरी केलेलं असतं, त्याचं नाव घ्या.

उपमा: शैलाच्या जगातली आहे का? कंडक्टरच्या मुलीला समुद्राच्या लाटा आठवायच्या आधी बसस्टँड आठवेल.

तीन टिंबं आणि उद्गारचिन्हं: सगळी काढा, मग ज्याच्याशिवाय खरंच अडतंय तेवढी परत टाका.

दोन विशेषणं शेजारी दिसली की एकाला रजा द्या.

## ९. शुद्धलेखन आणि फाईल

आता, आणि आताच. शासनाने १९६२ ला मान्य केलेले १४ नियम आणि १९७२ ला जोडलेले ४, असे एकूण १८ आहेत, एका संध्याकाळी वाचून होतात. कथालेखकाला सगळ्यात जास्त लागतो तो 'केले' की 'केलं' हा प्रश्न. पात्रांच्या बोलण्यात आणि आत्मनिवेदनात अनुस्वाराची रूपं चालतात, बाकी ठिकाणी एकारान्त, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात आज बरेच जण निवेदनातही 'केलं' लिहितात. काहीही निवडा पण निवेदन अर्धं 'केले' आणि अर्धं 'केलं' असं ठेवू नका.

शेवटचं वाचन शेवटच्या परिच्छेदाकडून पहिल्याकडे करा. कथेच्या ओघात वाहून जाता येत नाही, चुका दिसतात.

पाठवताना युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्डची फाईल द्या. नुसती पीडीएफ दिली तर त्यातून देवनागरी मजकूर कॉपी करताना काना, वेलांट्या, जोडाक्षरं तुटतात आणि तुम्ही घासलेलं सगळं परत बिघडतं. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलं असेल तर युनिकोडमध्ये बदलून झाल्यावर र्‍य, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी स्वतः डोळ्यांनी तपासा. फाईलच्या नावात कथेचं नाव आणि तुमचं नाव, आत पहिल्या पानावर शब्दसंख्या आणि फोन. त्या अंकाने शब्दमर्यादा दिली असेल तर पाठवायच्या आधी परत एकदा मोजा. आठव्या पायरीनंतर शब्दसंख्या बदललेली असते.